परतीची बोट आणि लपलेले मूल

मायभूमीकडे परत जाण्याचा प्रश्न वाङ्मयात येतो तो बहुधा ओढीचा प्रश्न म्हणून येतो. परदेशी गेलेला माणूस, त्याला छळणारी गावाची आठवण, आणि शेवटी एक तर परतीचा आनंद नाही तर परतता न आल्याचे दु:ख, अशी या विषयाची ठराविक मांडणी आहे. दरिद्री कुटुंबाला हा प्रश्न अशा रूपात कधीच भेटत नाही. तेथे प्रश्न असतो तो भाड्याचा, गावी कोण दारात उभे करील याचा, आणि जी मुले परदेशात जन्मली त्यांना कोणत्या देशाचे म्हणावे याचा. ओढ असते, नाही असे नाही. पण निर्णय ओढीवर होत नाही. हा भेद ज्या थोड्या लेखकांनी ओळखला आहे त्यांत व्ही. एस. नायपॉल यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या लेखनात या प्रश्नाची उकल कोठवर झाली आहे आणि कोठे अडली आहे, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

त्यासाठी आम्ही मुख्यत: त्यांची दोन पुस्तके समोर ठेवतो. पहिले म्हणजे १९६१ साली प्रसिद्ध झालेली ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी. दुसरे म्हणजे १९८४ सालचे ‘फाइंडिंग द सेंटर’. त्यातील ‘प्रोलॉग टु अॅन ऑटोबायोग्राफी’ हा दीर्घ निबंध. कादंबरीतील बिस्वास हे पात्र नायपॉल यांचे वडील सीपरसाद यांच्यावर बेतलेले आहे, हे सर्वश्रुत आहे. निबंधात तेच वडील स्वत:च्या नावानिशी येतात. एकच सामग्री एकाच लेखकाने दोनदा, वीसाहून अधिक वर्षांच्या अंतराने, एकदा कल्पनेने आणि एकदा स्मरणाने हाताळावी, हा योग समीक्षकाला क्वचित लाभतो.

प्रथम पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोचले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे त्या बेटावर नेली गेली. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या प्रांतांतील होती आणि कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली होती. ती ‘अ‍ॅग्रीमेंट’ करून गेली. त्या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमीट’ झाले व ती स्वत: ‘गिरमिटिया’ झाली. पाच वर्षे मळ्यावर मजुरी करावयाची, एकूण दहा वर्षे वसाहतीत काढावयाची, म्हणजे परतीचे भाडे सरकार देईल, असे वचन या कराराच्या पोटात होते. मळेवाल्यांना हे वचन पहिल्यापासून डाचत होते. म्हणून १८६९ ते १८८० या काळात परतीचा हक्क सोडणाऱ्यास सरकारी जमिनीचा तुकडा देण्याची व्यवस्था झाली. आणि शतकाच्या अखेरीस परतभाड्याचा काही वाटा खुद्द मजुरावर टाकण्यात आला. आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला होता. तो त्या वेळी संमत झाला नाही. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच प्रश्न पुन्हा उचलला, १९१७ मध्ये मजुरांची निर्यात थांबली आणि १९२० च्या आरंभी उरलेले करारही रद्द झाले.

करार संपले, तरी परतीचे वचन उरले. ते वचन उरले होते म्हणूनच परतावे की राहावे हा प्रश्न त्या प्रत्येक कुटुंबापुढे वर्षानुवर्षे उभा राहिला. ज्याला परतणे अशक्यच आहे, त्याला निर्णय करावा लागत नाही. तो सुटलेला असतो. ज्याच्यासाठी दार किलकिले ठेवले आहे, त्याची मात्र सुटका नसते. गिरमिटियांच्या कथेतील खरी पीडा येथे आहे.

आता कादंबरीकडे वळू. आर्वाकास या गावी तुळसी कुटुंबाचे ‘हनुमान हाउस’ आहे. संध्याकाळी त्याच्या कमानीखाली म्हातारे हिंदी मजूर जमतात, चिलमी ओढतात आणि हिंदुस्थानात परत जाण्याच्या गोष्टी बोलतात. त्यांना इंग्रजी येत नाही. ज्या देशात आयुष्य गेले त्याविषयी त्यांना कुतूहल नाही. आपण थोड्या दिवसांसाठी आलो होतो आणि मुक्काम जरा लांबला, एवढीच त्यांची समजूत आहे. पण परतण्याची संधी प्रत्यक्ष येते तेव्हा त्यांतील पुष्कळ जण नकार देतात. अज्ञाताचे भय त्यांना अडविते. ओळखीचे झालेले तात्पुरतेपण सोडवत नाही. आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच कमानीखाली त्याच गोष्टी.

हे सर्व कादंबरीत अवघ्या काही वाक्यांत आटोपले आहे. एवढ्या अवाढव्य कादंबरीत इतक्या थोड्या जागेत आलेला हा मजकूर वाचकाच्या मनात मात्र दीर्घकाळ राहतो. यातील अचूकपणा तात्पुरतेपणाच्या कल्पनेत आहे. तात्पुरते राहणे ही अवस्था सवयीची होऊ शकते, किंबहुना ती मुळे धरू शकते, हे नायपॉल यांनी नेमके हेरले. तथापि हे म्हातारे आपल्याला दुरून दिसतात. त्यांना नावे नाहीत, कुटुंबे नाहीत, हिशेब नाहीत. लेखकाने त्यांचा निर्णय भयाच्या एका शब्दात बसविला आणि तो पुढे गेला. वाचकाच्या ओठांवर किंचित हसू येते; आणि ते हसू आपल्याला सोयीचे आहे अशी शंका आम्हांस येते.

‘प्रोलॉग’मध्ये हाच प्रश्न लेखकाच्या घरात शिरतो. सीपरसाद नायपॉल लहान असताना कुटुंब कमालीच्या हलाखीत सापडले. त्यांच्या आईने मुलांना घेऊन हिंदुस्थानात परत जाण्याचे ठरविले. कागदपत्रे झाली. परतणाऱ्यांना पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या नेल्सन बेटावर ठेवीत. पूर्वी नव्याने येणाऱ्या मजुरांना ज्या बेटावर उतरवीत तेच हे बेट. कुटुंब तेथवर पोचले. पण जहाजाच्या भयाने तो मुलगा समुद्रावर बांधलेल्या एका संडासात जाऊन लपला आणि बाहेर येईना. आईने परतीचा बेत सोडेपर्यंत तो आतच राहिला. एका कुटुंबाचा देश असा ठरला.

नायपॉल हा प्रसंग फार थोडक्यात सांगतात आणि त्यावर भाष्य करीत नाहीत. हा संयम प्रशंसनीय आहे. दुसरा एखादा लेखक येथे नियतीविषयी दोन पाने लिहिता. त्या मुलाने दार उघडले असते तर पत्रकार सीपरसाद झाला नसता, बिस्वास झाला नसता आणि ही कादंबरीही झाली नसती; पण हे वाचकाने स्वत: ताडावयाचे आहे. प्रसंगातील स्थळ हीन आहे, आणि तेच त्याचे सत्य आहे. थोर निर्णय थोर जागी होतात ही आपली समजूत वाङ्मयाने वाढविली. दरिद्री माणसांचे निर्णय असेच, मूल जेथे लपले असेल तेथे, होतात.

आता दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. कादंबरीत लहान मोहनच्या हातून शेजाऱ्याचे वासरू हरवते, ते पाण्यात बुडालेले असते, आणि मुलगा शिक्षेच्या भीतीने बापाच्या खाटेखाली लपतो. मुलगा डबक्यात बुडाला असे समजून बाप राघू पाण्यात बुड्या मारतो आणि त्यातच मरतो. घर मोडते. आई बिप्ती मोठ्या दोन मुलांना उसाच्या मळ्यावर पाठविते, मुलीला सधन बहिणीकडे कामाला ठेविते आणि स्वत: धाकट्या मोहनला घेऊन त्याच बहिणीच्या आश्रयाला जाते. म्हणजे भयाने लपलेले मूल आणि त्याच्या लपण्याने फिरलेले कुटुंबाचे नशीब, हे बीज कादंबरीतही आहे. फक्त त्याचे फळ बदलले आहे. प्रत्यक्षात मुलाच्या लपण्याने परतीची बोट चुकली. कादंबरीत मुलाच्या लपण्याने बाप मेला.

हा बदल सहज झाला की हेतुपूर्वक, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. त्याचा परिणाम मात्र पाहिला पाहिजे. कुटुंब उद्ध्वस्त झाल्यावर विधवा बिप्तीपुढे हिंदुस्थानात परतण्याचा पर्याय कादंबरीत उभाच राहत नाही. परतीचा प्रश्न जेथे पोट आणि पोरे यांच्याशी झोंबला असता तेथून काढून तो कमानीखालच्या चिलमीच्या धुरात नेऊन ठेवला आहे. म्हणून कादंबरीत तो गप्पांचा विषय होतो आणि निबंधात कुटुंबाचा. आमच्या मते कादंबरीकाराने येथे आपल्या हातातील सर्वांत भारी नाणे खर्च न करता ठेवले. ते त्याने पुढे निबंधात मोजले.

मग न परतणे हे खरोखर भय होते का? या प्रश्नाचे उत्तरही निबंधातच आहे, आणि ते विदारक आहे. १९३१ साली ‘गँजेस’ हे जहाज त्रिनिदादहून हजाराच्या आसपास हिंदी माणसे घेऊन कलकत्त्याकडे गेले. पुढच्या खेपेला ते कलकत्त्याला लागले, तेव्हा पूर्वी परत आलेली शेकडो फाटकी माणसे त्यावर तुटून पडली. त्यांना परत त्रिनिदादला जावयाचे होते. ज्या मायभूमीची आस धरून ती आली तिच्यातील गोदीचा परिसर तेवढा त्यांच्या वाट्याला आला होता.

हे वर्णन लेखकाच्या कल्पनेतील नव्हे. हुगळीकाठचा मटियाबुर्ज हा भाग परतलेल्या गिरमिटियांची वस्ती म्हणून त्या काळी कुप्रसिद्ध होता. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ नंतर येथेच राहिला आणि १८८७ मध्ये येथेच मेला. त्याच अवधातून आणि त्याच्या शेजारच्या मुलखातून समुद्रापार गेलेले मजूर फिरून त्याच काठावर येऊन अडकावेत, हा इतिहासाचा योगायोग कोणाही कलकत्तावासी वाचकाने एकदा मनात घोळवावा. फिजी, नाताळ, ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, सर्व वसाहतींतली माणसे तेथे होती. भवानी दयाल संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ साली परतलेल्या प्रवाशांची चौकशी करून जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याचा मथितार्थ एकच होता : या माणसांना परत आणण्याने त्यांचे कल्याण झालेले नाही.

कारणे साधी होती. समुद्र ओलांडल्याने जात गेली असे गाव म्हणे. जातीत घेण्यासाठी प्रायश्चित्त आणि जेवणावळी मागे. दहा-वीस वर्षांची पुंजी त्यात आणि भाऊबंदांच्या हातात जाई. वाट्याची जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली गेलेली असे. जहाजावर किंवा वसाहतीत वेगळ्या जातींत झालेली लग्ने गावाला मान्य नसत. मुलांची बोली वेगळी, अन्न वेगळे. हिवतापाची सवय नाही. मजुरी वसाहतीपेक्षा कमी. मग ते कुटुंब गाव सोडून पुन्हा कलकत्त्याला येई, कारण आलेली बोट तेथेच कधीतरी पुन्हा दिसणार होती.

हे सर्व ध्यानी घेतले असता कमानीखालच्या म्हाताऱ्यांविषयीचे आपले मत बदलावे लागते. त्यांना भय वाटत असेल. पण ते भय अज्ञाताचे नव्हते, पुरेशा माहितीचे होते. परतलेल्यांच्या बातम्या बेटावर पोचत होत्या. त्यांनी नकार दिला तो शहाणपणाने दिला, आणि परतण्याच्या गोष्टी चालू ठेवल्या त्या मनाच्या आरोग्यासाठी. माणूस ज्या देवाच्या यात्रेला जाणार नाही त्या देवाचेही नाव घेतोच. बोलणे आणि करणे यांतील या अंतराला नायपॉल दुबळेपणा समजतात. आम्हांस त्यात एक प्रकारचा व्यवहार दिसतो. १९८४ च्या निबंधातील ‘गँजेस’च्या हकिकतीने १९६१ च्या कादंबरीतील निवाडा नकळत खोडून काढला आहे. लेखकाने मात्र ही दोन टोके कोठेही एकत्र बांधलेली नाहीत.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नेल्सन बेटावरच्या प्रसंगात सर्व प्रकाश मुलावर पडला आहे. पण निर्णय मुलाने केला नाही. मुलाने हट्ट केला, निर्णय आईने केला. जहाज समोर, कागद हातात, मागे काही उरलेले नाही, पुढे काय आहे ठाऊक नाही, आणि एक पोर आत कडी लावून बसलेले. ती दार फोडविते, पोराला ओढून नेते, तरी कोणी तिला नावे ठेविली नसती. तिने तसे केले नाही. का केले नाही? मुलाच्या भयात तिला स्वत:चे भय ओळखू आले काय? की परतण्याचा निर्णयच तिने दुसऱ्यांच्या दारातील अपमान टाळण्यासाठी घेतला होता, आणि सासर-माहेर दोन्हींकडे अपमानच आहे हे तिला शेवटच्या क्षणी उमगले? लेखक तेथे थांबत नाही. वडिलांचा शोध घेणारा हा मुलगा आजीच्या मनाशी येऊन परत फिरतो. कादंबरीतील बिप्तीच्या बाबतीतही असेच झाले आहे. ती सोसते, गप्प राहते आणि एका बाजूला होते. दरिद्री कुटुंबाच्या स्थलांतरात सर्वांत जड हिशेब बाईच्या डोक्यात चालतो, आणि वाङ्मयात सर्वांत कमी शब्द तिलाच मिळतात.

असे असूनही ‘बिस्वास’ ही थोर कादंबरी आहे, हे आमचे मत ढळत नाही. परतीचा प्रश्न तिने बाजूस सारला खरा, पण त्याचे उत्तर तिने अन्य मार्गाने दिले. ते उत्तर म्हणजे घर. जो परतला नाही त्याला येथे राहण्याचा हक्क कोणीच दिलेला नसतो. तो त्याला मिळवावा लागतो. मोहन बिस्वास आयुष्यभर दुसऱ्यांच्या छपरांखाली राहतो, दोनदा घर बांधावयास जातो आणि दोन्ही घरे त्याला लाभत नाहीत. अखेर सिक्कीम स्ट्रीटवरचे जे घर मिळते त्याची दारे नीट लागत नाहीत, मागचा जिना लोंबता आहे, तारणाचे कर्ज फिटलेले नाही, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी हा माणूस मरतो. तरी ते घर त्याचे आहे. न परतण्याचा निर्णय एका दिवशी बेटावर होतो, आणि तो पुरा व्हावयास असे सबंध आयुष्य लागते. कादंबरीतील विनोदाखाली हा अर्थ सतत वाहतो. तिच्याकडे निव्वळ विनोदी कौटुंबिक कथा म्हणून पाहणाऱ्यांनी तो निसटू दिला आहे.

या साखळीचा शेवटचा दुवा लेखक स्वत: आहे. १९६२ साली तो हिंदुस्थानात आला; त्या प्रवासाचे पुस्तक ‘अॅन एरिया ऑफ डार्कनेस’ १९६४ मध्ये निघाले. त्यात तो आपल्या आजोळच्या पूर्वजांच्या गावी, पूर्व उत्तर प्रदेशात, जातो. स्वागत होते, नाती सांगितली जातात, मागण्याही पुढे येतात. आणि हा पाहुणा अधीर होऊन, काहीशा कठोरपणे, तेथून निघून जातो. पुष्कळ भारतीय वाचकांना हे वागणे रुचले नाही आणि त्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण नेल्सन बेटावरचा प्रसंग वाचल्यावर त्या पानांचा अर्थ पालटतो. बापाने लहानपणी जे दार उघडले नाही तेच मुलगा दुसऱ्या बाजूने लावून घेत होता.

बदलीच्या नोकरीत दूर प्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा विषय का सांगावा, असे कोणी विचारील. निवृत्तीनंतर पुण्या-नागपुराकडे परतावे की जेथे मुले शिकली तेथेच दोन खोल्या घ्याव्यात, ही चर्चा आपल्या मंडळांच्या बैठकींत नेहमीची आहे, आणि ती त्या कमानीखालच्या बोलण्याची दूरची नातेवाईक आहे. दूरची असे आम्ही मुद्दाम म्हणतो. आपल्यामागे निवृत्तिवेतन आहे, रजेचा प्रवास आहे, चुकलेला निर्णय फिरविण्याची सोय आहे. गिरमिटियाला एकच बोट होती. आपल्या हळहळीला त्याच्या दु:खाचे नाव देणे हा त्याच्यावर अन्याय होईल. साम्य पाहावयाचे तर ते आपल्याच मराठी गोरगरिबांत पाहावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या मळ्यांवर गेलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली आणि आजही स्वत:ला मराठी म्हणवितात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर कोकणातल्या आणि घाटावरच्या किती कुटुंबांनी खोली राखावी की गाव गाठावे याचा हिशेब रात्री-रात्री मांडला असेल! चाकरमान्याच्या गावओढीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या रात्रीच्या हिशेबावर त्या मानाने फार थोडे.

तो हिशेब लिहू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाने नायपॉल यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. भाष्य न करता प्रसंग सांगण्याचा त्यांचा संयम घ्यावा, आणि घर या एका साध्या वस्तूत सबंध आयुष्य मोजण्याची त्यांची दृष्टी घ्यावी. एक गोष्ट मात्र त्याला स्वत:च करावी लागेल. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या आईपाशी त्याने थांबले पाहिजे, आणि ती बोलेपर्यंत थांबले पाहिजे.